आग्याकड्यावरचा दोर

साल १९७४. मे महिना. मंगळवार, सकाळचे दहा.

घडलं ते खरं आहे. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती, पिंपळही नव्हता. डोक्यावर लख्ख ऊन होतं. ज्यांना भुतं फक्त अंधारातच हवीत, त्यांनी पुढे वाचू नये.

जागा मेढ्याच्या वरच्या अंगाची. तिथल्या आग्याकड्यावर आग्या मोहोळं लटकायची आणि गावातली माणसं दोराला लोंबकळून मध काढायची.

लालासाहेब कडेगावचा, फौजेत नाईक. सासुरवाडी या गावची. त्याच्या पलटणीची एक तुकडी हिमालयातल्या शिखरावर जायची होती. शेवटची धार सुरीच्या पात्यासारखी, दोन्ही अंगांना नुसती पोकळी. एप्रिलच्या सरावात तशाच उघड्या कड्यावर लालासाहेबाचे पाय लटलट कापले होते. कॅप्टनने बजावलं होतं, सुट्टीत पाय घट्ट करून ये, नाहीतर नाव कापतो.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, बायडाबाईलासुद्धा नाही. गावाला मात्र तो सारखा हसत होता. यांचे दोर वाखाचे, यांच्या शिड्या वेलींच्या, यांची अक्कल मधमाशीएवढी.

त्या सकाळी तो कड्याकडे निघाला, तर वाटेत म्हातारा हरिबा बसलेला. जन्मभर मध काढलेला माणूस.

"पावणं, दोर कोन धरनार?"

"लोखंडी मेख धरंल."

"मेखंला भैन हाय का?"

लालासाहेबाला काही कळेना. म्हाताऱ्याने समजावलं. इथे उतरणाऱ्याचा दोर मेव्हणाच धरतो. बायकोचा सख्खा भाऊ. तो हात सोडत नाही. सोडला तर त्याच्याच बहिणीचं कुंकू पुसलं जातं.

"आन् तुमच्या बायडाला भाऊच न्हाई. मग कशापायी उतरता?"

"हिमालयात जायचंय, म्हातारबा."

"तितं बी मध हाय?"

"न्हाई. बर्फ हाय."

"आनि?"

"आनि काय न्हाई."

हरिबाने तंबाखू थुंकली. "मग लय शाणं हाय सरकार तुमचं."

"फौजंत मेव्हणं लागत न्हाईत," लालासाहेब म्हणाला. "पोलाद लागतं. जा घरी."

म्हातारा खरंच घरी गेला. लालासाहेबाला तेच हवं होतं. पाय कापताना बघायला कुणी नको होतं.

माथ्यावरच्या फटीत त्याने मेख ठोकली, दोराचा फास तिच्यात अडकवला, दुसरं टोक कमरेला बांधलं. उतरला.

साठ फूट...

आणि पाय कापायला लागले.

थांबेचनात. तो परत वर चढायला लागला. एक पाऊल चढलं की कमरेचा दोर ढिला पडायला हवा.

पडला नाही.

वरून कुणीतरी दोर ओढून घेत होतं. हळूहळू... हातभर, हातभर.

"हरिबा?"

सकाळपासून मोहोळांची घूं घूं चालू होती, ती थांबली होती.

मग वर कुणीतरी खाकरलं...

"खाली बघू नगासा, दाजी."

तरण्या गड्याचा आवाज. लालासाहेबाचं डोकं फिरलं. म्हणजे गावातला कुणी टवाळ वर बसून त्याचे पाय बघत होता.

"कोन हाय रं? नाव सांग."

तो एक पाऊल चढला. दोर तेवढाच वर ओढला गेला...

"ठिवलं न्हाई."

"वर आलो की दावतो तुला."

"या की. लय जड हायसा. फौजंत निस्तं खायाला घालत्यात व्हय?"

रागाने पाय कापायचे थांबले. तो चढत राहिला. माथा दोन हातांवर राहिला, आणि कानाजवळून काहीतरी खाली गेलं.

टण... टण... टण...

मेख होती.

दोर मात्र ताठच होता.

लालासाहेब वर आला. वर कुणी नव्हतं. बोडका माथा, लपायला झुडूप नाही. दोराचा मोकळा फास मातीत पडला होता. त्याच्यापुढे तांबड्या मातीत टाचा रोवल्याच्या दोन खुणा. बोटभर खोल.

चार आण्याच्या नाण्याएवढ्या...

घरी आला तोही तोऱ्यातच. सासू भामाबाई भाकरी थापत होती.

"आत्या, कोन टवाळ हाय हो तुमच्या गावात? मला दाजी म्हनतो, आन् नाव इचारलं तर म्हनतो ठिवलं न्हाई."

भामाबाईचा हात परातीत थांबला.

तव्यावरची भाकरी करपली. तरी ती हलली नाही...

"बायडाच्या आदी एक झाला हुता," ती म्हणाली. "नवव्या दिशी गेला. बारसं व्हायचं हुतं."

बायडाबाई दारात उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

त्याला कुठे पुरलं, ते लालासाहेबाने विचारलं नाही.

पलटणीत परतल्यावर त्याने कॅप्टनला एकच विचारलं, "साब, मेरी रस्सी कौन पकड़ेगा?" कॅप्टनने एका शिपायाचं नाव सांगितलं. लालासाहेब म्हणाला, "उसकी बहन मेरे घर में नहीं है, साब."

बराक महिनाभर हसत होती. नाव कापलं गेलं. बाकीचे चढले, उतरले, कुणाला साधं खरचटलंही नाही.

हरिबाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पावणं भ्यालं असत्याल." पुढच्या वर्षी तो अंथरुणातच गेला. भामाबाई एक्क्याऐंशी साली गेली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. लालासाहेब हवालदार होऊन परतला, कडेगावला ऊस लावला. शेवटपर्यंत स्वतःच्या घरावर कौलं फिरवायलाही चढला नाही, गडी लावायचा. लोक हसायचे. हसण्यासारखंच होतं.

बायडाबाई अजून आहे. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी तीही ओवाळायची. त्या वर्षापासून पाट मांडते, रांगोळी काढते, आणि त्या रिकाम्या पाटाला ओवाळते.

एकदा मीच धीर करून तिला विचारलं, इतकी वर्षं ओवाळतेस, मग त्याचं काही नाव का ठेवत नाहीस?

तिने निरांजन खाली ठेवलं.

"ठिवलं तर हाक मारावी वाटंल," ती म्हणाली. "आन् त्यानं ओ दिली, तर?"