धामनोदचे साडेतीन ट्रक

पहिल्याच दिवशी शिवांगीनं अंकितच्या तोंडावर त्याचीच निंदा केली. धारहून ती देवासच्या या कारखान्यात नुकतीच रुजू झाली होती. कॅन्टीनमध्ये पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवत तिनं शेजारच्या अनोळखी माणसाला विचारलं, "भिया, कुठल्या गावाला किती ट्रक लागतील ते ठरवणारा हा प्रोग्राम कोणत्या महाभागानं लिहिलाय?"

"मीच तो..." तो हसला. डोळेही हसले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

प्रोग्राम आठ वर्षांपूर्वीचा, पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीतला. त्या आवृत्तीची डागडुजी तिच्या कर्त्यांनीच केव्हाच बंद केली होती. शिवांगी तिसरीसाठी हटून बसली, तर मॅनेजर यशवंतराव म्हणाले, चालत्या गाडीला खीळ कशाला? अंकितही रोज चहावर तिच्याशी वाद घालायचा — आणि वाद संपू नये म्हणून दुसरा चहा मागवायचा. अखेर यशवंतरावांनी एकच चाचणी मान्य केली. ती फसली तर विषय बंद, आणि शिवांगीची नोकरीही.

चाचणीच्या दिवशी पडद्यावर धामनोद गावासाठी आलं: साडेतीन ट्रक.

सगळे हसले. अर्धा ट्रक कुठल्या बाजारात मिळतो, असं यशवंतरावांनी विचारलं. शिवांगी पुन्हा पुन्हा आकडे तपासू लागली.

अंकित उठून उभा राहिला.

"साहेब, नवीन पायथन खरं बोलतंय. यंत्रांच्या मोठाल्या पेट्या सात, एका ट्रकात मावतात दोन, म्हणजे चौथा ट्रक लागतोच. जुनी आवृत्ती वरचा अर्धा गुपचूप सोडून देते, तीनच ट्रक सांगते. मी कधी तपासलंच नाही. आवारात पेटी मागे राहिली की आपण हमालांना बोलत आलो. गलती माझी होती."

शिवांगी त्याच्याकडे बघतच राहिली. आपल्याच हातचं काम भरल्या खोलीत असं खोटं ठरवायला केवढी छाती लागते! यशवंतरावांनी नव्या आवृत्तीला होकार दिला, आणि हमालांची माफी अंकितनंच मागायची असंही सांगितलं.

जिन्यात तिनं त्याला गाठलं. "गप्प राहिला असता तर तुमचाच प्रोग्राम टिकला असता. का बोललात?"

"तुम्ही खोट्या पडलेल्या... मला बघवलं नसतं."

तिचा ऊर भरून आला. इतकं मोठं मन तिनं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "फार."

साहेबांपुढे जराही न अडखळलेला अंकित आता शब्द शोधू लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"रविवारी... धारला येऊ? तुमच्या आईबाबांना भेटायला?"

"या," शिवांगी म्हणाली. "पण पहिले खाली हमालांकडे चला. मी पण येते सोबत."