चाऱ्याच्या खोलीतला लाल

भुताखेतांचं मला सांगू नका, मीटर दाखवा. मी सुकेशनी, वाळूजला एलईडी दिव्यांच्या कामात अकरा वर्षं घासलीयेत. एकोणीसच्या दुष्काळात माझ्या धाकट्या भावानं, रामेश्वरनं, झाल्टा फाट्याजवळ नव्या प्लॉटिंगच्या कडेला पत्र्याच्या बंद खोलीत मक्याचा चारा घेतला. माती नाही, नुसत्या ट्रेमध्ये. वीस शेळ्या त्यावर तगल्या होत्या. दिवे मीच बसवले, लाल आणि निळे. वर एक सेन्सर. खाली लाल जास्त दिसला की तो लाल दिवे आपोआप मंद करतो. साधं गणित आहे.

मे महिन्यात रामेश्वरचा फोन आला. "ताई, मी ट्रेपाशी गेलो की लाल जातोय बघ."

गेले. मी उभी राहिले, काही नाही. शेळी उभी केली, काही नाही. रामेश्वर उभा राहिला आणि लाल विझला. अंगात काळा सदरा होता त्याच्या, लाल काहीच नाही. माझं डोकंच फिरलं. सेन्सर बदलला, तरी तेच. त्यानं हात पुढं केले की सेन्सरच्या स्क्रीनवर लालचा आकडा आणखी चढायचा.

शेजारचा साहेबराव बोअरच्या पाण्यावरून त्याच्या जिवावर उठला होता. परवाच पाइप तोडून म्हणाला होता, "आता तुझी पाळी." ते आठवलं. सेन्सरला दिसतोय तो लाल म्हणजे रामेश्वरचं सांडणारं रक्त. माझा भाऊ मरणार, एवढंच मला कळलं.

"सोयगावला मावशीकडं जा," मी म्हणाले.

"अन् शेळ्या कोन बघल? नाय जमत."

मग मीच कोपऱ्यातली कुऱ्हाड त्याच्या हातात दिली. "जवळ ठेव. तो आला तर वाट बघू नको."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बोअरकडून ओरडणं ऐकू आलं. मग नुसतं ठक, ठक. लाकडं फोडल्यासारखं.

मी धावले.

साहेबराव पालथा पडला होता. पाठीत चार वार, मागून डोकं उकललेलं. हातात हत्यार नव्हतं. रिकामी कळशी होती.

रामेश्वर कोपरापर्यंत रक्तानं भिजला होता. "ताई, तूच म्हनली ना?"

मी त्याला खोलीत ओढलं. लाल विझला. टाकीतलं पाणी ओतून त्याचे हात चोळले, नखं खरवडली, माझेही हात धुतले, लाल पाणी दाराबाहेर लोटलं. तो रडत बाहेर जाऊन बसला.

आता ट्रेपाशी मी एकटीच होते. माझ्या अंगावर रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता.

दिवे निळेच राहिले, लाल काही परत लागला नाही.