तिसऱ्या रांगेतला चौकटीचा शर्ट

तो चौकटीचा शर्ट कांचनच्या नजरेत भरला तो शेंगांमुळे. बेसबॉलच्या मॅचला बसून शेंगा फोडायच्या आणि टरफलं पायाशी टाकायची, ही अमेरिकेची रीत. हा पठ्ठ्या मात्र एकेक टरफल कागदी पिशवीत जमा करत होता! वर हात पुसून लगेच वहीत काहीतरी लिहायचा. इतका नीटनेटका माणूस सरळ असूच शकत नाही, असं कांचनचं ठाम मत झालं.

कांचन आठ वर्षांची असताना आईबाबांबरोबर नॉर्थ कॅरोलिनात आली होती. आता, १९८६च्या मे महिन्यात, ती कॉलेजच्या टीमची स्कोअरर होती आणि आसपासच्या कॉलेजांची कॉन्फरन्स चॅम्पियनशिप सुरू झाली होती. नियम सोपा — दोनदा हरलात की गाशा गुंडाळा. तिची टीम पहिल्याच दिवशी एकदा हरून बसली. तेही असं, की आपला गडी कधी पळणार हे समोरच्यांना जणू आधीच ठाऊक होतं! कोच टोपीला, कानाला, पट्ट्याला हात लावून पळायच्या खुणा करायचे. त्या कुणीतरी चोरत होतं.

"त्या तिसऱ्या रांगेतल्या पोरावर नजर ठेव," कोच म्हणाले. "करेल ते सगळं लिही. पुरावा मिळाला की त्याला बाहेर काढतो."

मग काय! स्कोअरबुकच्या मागच्या पानावर कोचसाठी इंग्रजीत यादी वाढू लागली. चेहऱ्यावरून तो आपल्याकडचा वाटत होता, म्हणून तर तिला जास्तच राग. आणि त्याचे डोळे... मैदान सोडून सारखे तिच्याकडेच वळायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण चोराचं हसू इतकं गोड असावं? हा लबाड निघू नये, असं तिला मनापासून वाटायला लागलं होतं, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

तिसऱ्या दिवशी फायनल अर्ध्यावर आली आणि पाऊस कोसळला. मैदानावर ताडपत्री पसरली, लोक स्टँडखाली पळाले. कोचनी तिला मानेनं खुणावलं — जा.

"शो मी दॅट नोटबुक," कांचननं त्याला गाठलंच.

तो इतका दचकला की पिशवी हातातून सटकता सटकता वाचली. "अरे देवा!"

"मराठी? मग तर दाखवच."

"वही... जरा खाजगी आहे हो."

"चोरीचा माल खाजगीच असतो!"

"मी अजून तरी काही चोरलेलं नाही..." तो पुटपुटला आणि कानापर्यंत लाल झाला.

तिनं वही ओढून घेतली. पानभर ठिपके, मध्येच फुल्या, दर सहा खुणांनंतर उभी रेघ. सांकेतिक लिपी! मग तिला एक ओळ दिसली — सहा ठिपके, पुढे M. हे तर बाबा दर रविवारी क्रिकेटच्या वहीत लिहायचे. मेडन ओव्हर!

"तू बेसबॉल ओव्हर्समध्ये मोजतोयस?"

"मग? सहा चेंडू झाले तरी बोलर बदलत नाहीत. काय बेशिस्त खेळ आहे!"

कांचन खो-खो हसली. मग हसता हसता थांबली. "खेळ कळत नाही, तर तीन दिवस इथे करतोयस काय?"

"मी चारुदत्त. रॅलेला एमएस करतोय. त्या कॅरी गावातल्या मीनाक्षीकाकू म्हणाल्या..."

मीनाक्षीकाकू! आजूबाजूच्या गावांतली सगळी लग्नं जुळवणाऱ्या! मला कुणी बघायला आलं तर मी घर सोडीन, असं कांचननं आईला बजावलं होतं.

"म्हणजे तू मला बघायला आलास? पोहे नाहीत म्हणून शेंगा?"

"खरं तर नकार द्यायला आलो होतो. लांबून बघायचं आणि काकूंना नाही कळवायचं. एक दिवस पुरे होता."

"मग तीन कसे झाले?"

"पहिल्या दिवशी टीम हरली तेव्हा तुम्ही डोळे पुसत होतात... तरी एक आकडा चुकवला नाहीत. मग नकार राहूनच गेला."

"कशावरून खरं?" तिचा आवाज आता तितका कडक राहिला नव्हता.

तेवढ्यात कोच आले. "पुरावा?" म्हणत त्यांनी तिच्या हातातलं स्कोअरबुक घेतलं. "कोच, नो... प्लीज!" पण ते मागचं पान मोठ्यानं वाचायलाही लागले होते.

"पहिला दिवस. टरफलं पिशवीत. शेजारच्या आजीबाईंना स्वतःची टोपी दिली, खेळ संपेपर्यंत उन्हात बसला. हसताना उजव्या गालाला खळी पडते. दुसरा दिवस. वीस मिनिटं उशीर. वाटलं, आज येतच नाही."

कोचनी पुस्तक मिटलं. "कांचन, धिस इज नॉट एव्हिडन्स," ते म्हणाले आणि मिशीत हसत खुणा बदलायला निघून गेले.

कांचनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाऊस ओसरला. वर लोक जागेवर परतत होते.

"मग..." चारुदत्तनं शेंग फोडत विचारलं, "काकूंना काय कळवू?"

"कळव, की मुलीनं मुलगा बघितला. तीन दिवस, अगदी कसून." तिनं स्कोअरबुक छातीशी धरलं. "आणि तिला तो आवडला."

चारुदत्तच्या हातातलं टरफल पहिल्यांदाच पायाशी पडलं, आणि ते त्याला कळलंही नाही.