कागदात नसलेला मास्क

हसा, हसा. मास्क गळ्यात लोंबकळत ठेवून हिंडता, म्हणून सांगतो. ऐकीव नाही, आमच्या प्रोफेसरसाहेबांवर गुदरलेलं आहे.

साहेब विद्यापीठातले. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या कणांची काळी पावडर बनवायचे, चिमूटभर. विद्यापीठाचा आणि आमच्या कारखान्याचा करार झाला, ती पोत्यांनी बनवायची. साहेबांनी प्रयोगशाळेतलाच कृतीचा कागद पाठवला, फक्त ग्रॅमचे किलो केले. तिथं काम काचेच्या बंद कपाटात चालायचं, त्यामुळे कागदात मास्क नव्हता. इथं पोती भरणारा उघड्या तोंडानं भरायचा. बडबड्या म्हणून सगळे त्याला पोपट म्हणायचे.

मी स्टोअरकीपर. दोनदा मास्क मागायला आला. "कागदात नाही रे बाबा," म्हणालो मी. आजही लाज वाटते सांगायला.

वर्षभरात पोपट काळं खोकून खोकून गेला. चौकशी लागली. साहेबांकडे अहवाल मागितला, त्यात त्यांनी लिहिलं, कामगाराला विडीचं व्यसन होतं. अरे, जन्मात विडीला हात लावला नव्हता त्यानं! त्याची बायको म्हणाली, "माणूस गेला तो गेला, वरून त्याची बदनामी कशाला?" साहेबांनी अहवाल तसाच ठेवला. मीही मास्कचं कुणाला सांगितलं नाही.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार, रात्रीचा दीड. सकाळी अहवाल जायचा होता, सोबत पावडरीचा नमुना हवा होता. पोती भरायची खोली तीन महिने बंद. मी कुलूप काढलं. साहेब एकटेच आत गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

आत कुणीतरी खोकलं.

"कोण आहे?"

फावडं वाजत होतं. खर्र... खर्र... मग थांबलं.

दिवा गेला.

पावलं. जवळ... अजून जवळ...

"साहेब... फार धूळ आहे हो इथं."

आवाज पोपटाचा. रागाचा लवलेश नाही.

"तुम्ही तरी..."

गार बोटं. कानामागे. अलगद...

साहेब बाहेर आले. तोंडावर मास्क! आमच्या स्टोअरमध्ये तसला कधी आलाच नव्हता. खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. "मेल्यावरही माझीच काळजी करतोय रे तो."

तिथंच त्यांनी अहवाल फाडला. नवा लिहिला. चूक माझी, असं स्वच्छ लिहिलं. मास्क मी नाकारला होता, तेही मी लिहायला लावलं आणि खाली सही केली.

उजाडल्यावर साहेबांनी मास्क काढला. बाहेरून पांढराशुभ्र होता.

आतून काळाकुट्ट.