आईच्या नावाचं ताट

वांग्याच्या भरताच्या पार्टीत वाट्या कमी पडल्या आणि कुंदननं नेमकी माझी वाटी उचलली. मी ती त्याच्या हातातून हिसकावलीच.

"एवढी कंजुषी?" तो हसला. "तुन्हं बठ्ठं येगळंच शे."

हा साक्रीचा मुलगा, केळीच्या पॅकिंगच्या कामाला फैजपूरला आलेला. त्याला काय ठाऊक, माझं खरंच सगळं वेगळं होतं. आई-बाबा गेले तो आजार जन्मापासून माझ्याही रक्तात आहे. आईचं नाव कोरलेलं ताट, वाटी आणि पेला काकूनं माझ्यासाठी खिडकीत वेगळा ठेवला होता. काकू वाईट नाही. मला ताप आला की उशाशी बसून राहते. पण ताट वेगळं ते वेगळंच.

थंडीभर कुंदन काहीतरी निमित्त काढून आमच्या बांधावर यायचा. कधी केळफूल घेऊन, कधी नुसताच.

"आज काय विसरलास?"

"तुला बघायचं विसरलो होतो."

मला तो आवडायचा. फार आवडायचा, म्हणूनच भीती वाटायची. एके दिवशी माझा हात हातात घेऊन तो म्हणाला, "आईला तुला बघायचंय..."

तेव्हा मी सांगून टाकलं. "मला एचआयव्ही आहे, कुंदन. गोळ्या चालू आहेत, तब्येत बरी आहे. पण आहे."

त्यानं हात हळूच काढून घेतला आणि उगाच मोबाईल बघितला. मग कितीतरी दिवस बांधावर कुणी आलं नाही. मी गोळी घ्यायची, जेवायची, ताट घासून खिडकीत ठेवायची. रडूसुद्धा येईना.

आणि एका दुपारी, ऐन जेवणाच्या वेळी, तो दारात उभा.

"धुळ्याला जाऊन डॉक्टरांना विचारी उनू," तो खाली बघत म्हणाला. "गोळ्या नीट घेतल्या, तपासणीत विषाणू दिसेनासा झाला, की जोडीदाराला लागण होत नाही म्हणे."

"माझ्या तपासणीत केव्हाच दिसत नाही. मला विचारायचं होतंस."

"घाबरलो होतो... तुझ्यासमोर चेहरा पडला असता."

"पडला होताच की."

तो ओशाळला. काकूनं रीतीप्रमाणे त्याला जेवायला बसवलं. पाहुण्याचं ताट ती काढत होती, तेवढ्यात त्यानं खिडकीतली ती वाटी ओळखली आणि तिच्याशेजारचं माझं ताट घेऊन पुढ्यात ठेवलं.

"ते नको रे भाऊ, ते तिचं हाये."

"माहीत आहे, काकू. म्हणूनच घेतलं."

काकू भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मग ही कशात जेवील?"

"घरात ताटं काय थोडी आहेत?"

काकूनं फडताळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी तिनं वरचं एक ताट काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यावर काकांचं नाव होतं, जीवराम. ती अक्षरं मी बोटानं चाचपत बसले. डोळे भरून आले होते, धड दिसत नव्हतं.

"जेव ना," कुंदन हळूच म्हणाला. "भाकर थंडी होई राह्यनी."