कट्ट!

कोरेगावची एसटी उशिरा पोचली, म्हणून सांगलीच्या कविता-शिबिरात प्रियदर्शनीला एकच खुर्ची उरली... एका उंच, गप्प मुलाशेजारची! "शिवतेज. अकरावी," एवढंच तो बोलला, तोवर शिबिर घेणाऱ्या बाईंचा हुकूम आला, "शेजाऱ्याची कविता वाचा, डोळे मिटा आणि काय दिसतं ते सांगा."

प्रियदर्शनीच्या डोक्यात तर कायम सिनेमा चालू! कुणी 'आमराई' म्हणायचा अवकाश, तिला झाडावरचे पोपटसुद्धा मोजता यायचे. तिनं ऐटीत वही सरकवली. सोळा ओळी, अकरा रंग. संध्याकाळी स्टेजवर हीच वाचायची होती.

त्यानं वाचली, डोळे मिटले, उघडले.

"काय दिसलं?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?" तिचे कान तापले. "इतकी वाईट आहे?"

"अगं, ऐक तर! माझं डोकंच तसलं हाय. डोळं मिटलं की नुसतं काळं. कुणाचंच चित्र येत न्हाई. आईचंबी न्हाई."

"आणि असला माणूस कविता लिहितो?"

त्यानं दप्तरातून हळकुंड काढलं. "मोड."

"शिबिराला हळकुंड कोण आणतं रे?"

"हळदवाल्याचा पोरगा आणतो. डोळं मिटून मोड."

कट्ट! मिटल्या डोळ्यांआड केवढा खणखणीत आवाज... आणि मागून तो उग्र, गोड वास.

"ही हळद नीट वाळलेली. दमट असती तर बोललीच नसती," तो म्हणाला. "माझ्या ओळी मी अशाच तपासतो. मोठ्यानं म्हणायच्या. कट्ट वाजली की ठेवायची."

"माझ्या किती वाजल्या?"

"एक." वहीकडे न बघता त्यानं म्हटली, "'बाबांचे बूट वळणापलीकडे वाजेनासे होईतो, आईची भाकरी हातातच थांबते.'"

प्रियदर्शनीनं वही ओढून ती ओळ पुन्हा वाचली. बाबांची फौजेतली सुट्टी गेल्याच आठवड्यात संपली होती. ती ओळ तिनं नुसती भरतीला घातली होती!

संध्याकाळी तिनं सात रंग खोडले आणि ती ओळ शेवटी वाचली. मागच्या रांगेत शिवतेज डोळे मिटून हसत होता.

स्टँडवर तो सोडायला आला. ती खिडकीशी बसली आणि दिवसभर टोचणारं एकदाचं विचारलंच, "म्हणजे... उद्या तुला माझा चेहरापण आठवणार नाही?"

"न्हाई," तो म्हणाला.

खोटं तरी बोलायचं ना, बावळटा! तिनं तोंड फिरवलं. इतक्यात खिडकीतून एक चिठ्ठी आत आली आणि तो गर्दीत शिरला.

*भांडताना ती बांगडी मागं सारते,*
*हसायच्या आधी थोडा श्वास चोरते.*
*चेहरा नको, एवढं पुरेल मला...*
*गर्दीत डोळे मिटून थांबलोय. हाक दे.*

तिनं सवयीनं डोळे मिटले... आणि सिनेमा सुरूच झाला नाही! सगळं काळं. त्या काळ्यात फक्त तिचंच काळीज, धडधड, धडधड.

गाडी मागं सरू लागली. शेंगदाणेवाले ओरडत होते, कंडक्टर शिट्टी मारत होता आणि फलाटाच्या खांबाशी तो येडा खरंच डोळे मिटून उभा!

हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण आलं हसूच. आधी थोडा श्वास... आणि मग खळखळून.

डोळे न उघडताच शिवतेजनं हात वर केला. थेट तिच्याच खिडकीकडे.