चांगुणाचे पाय

वाघरनाळेच्या उभ्या घळीतून उतरणारा प्रत्येक माणूस चांगुणासारखाच चालायचा. मुंबईचा दाढीवाला वकील असो, नाहीतर साताऱ्याची कॉलेजातली पोरगी, तिसऱ्या वळणावर त्यांचा डावा गुडघा हमखास बाहेर वळायचा. कारण एके काळी चांगुणा धिंदळे डोक्यावरचं हिरड्याचं पोतं सावरताना तो तसा वळवायची. आता पोतं नव्हतं, पण वळण कायम होतं. सुरुवातीला ते बघून चांगुणाला हसू यायचं. हल्ली तिडीक यायची.

या प्रकाराला चालठसा म्हणत. नऊ वर्षांपूर्वी डॉ. रेणुका अष्टपुत्रे यांनी चांगुणाच्या पायांना बारीक तारा चिकटवून तिला ही अंगावर येणारी नाळ चाळीस वेळा उतरायला लावली. कुठला स्नायू कधी आवळतो, कधी सैल होतो, सगळं यंत्रानं टिपलं. तो ठसा मग पट्ट्यांत भरला. मांडीला आणि पोटरीला पट्टे बांधले की विजेच्या हलक्या स्पंदनांनी ते परक्या माणसाचे पाय चांगुणाच्या पायांसारखे हलवत. माणसानं फक्त दऱ्या बघायच्या. 'एकटे या, निर्धास्त उतरा' अशी वर फाटकावर पाटीच होती. दर पाव तासाला एक जण सोडत, आणि पट्ट्याशिवाय नाळेत कुणी पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. जिचे पाय, तिनंही नाही! आता बोला.

चांगुणानं पाय दिले ते पोरीसाठी. पोरीची थोरली बहीण याच नाळेत घसरून गेली होती. "तुमची सुगंधा कधी घसरणार नाही, मावशी," असा शब्द अष्टपुत्रेबाईंनी दिला होता. तेव्हा सुगंधा दहा वर्षांची होती. आता ती पट्टे बांधून पर्यटकांचे डबे खाली पोचवायची.

नाळेच्या मध्यावर पाटाएवढा एक दगड होता. तो हलतोय हे चांगुणानं फाटकावरच्या पहारेकऱ्याला तीनदा सांगितलं. "यंत्र म्हणतं सगळं ठीक आहे, काकू," हेच उत्तर तिन्ही वेळा. शेवटी आज फाटक उघडायच्या आत ती दुखरा गुडघा घेऊन एकटीच उतरली आणि दगडावर करवंदीची काटेरी फांदी टाकली. वाट धोक्याची आहे, हे सांगायची तिच्या गावाची हीच रीत होती.

पहिला माणूस आला. कानात गाणी, डोळे समोरच्या सुळक्यावर. चांगुणा बाजूच्या कपारीतून ओरडली, "अरे, फांदी बघ! थांब!" त्यानं हसून हात हलवला. त्याचे पाय सरळ काट्यांत शिरले आणि डावी टाच नेमकी दगडावर पडली. दगड बोटभर कलला. गडी कळवळला, शिव्या देत पुढे गेला. पाय काही थांबले नाहीत.

मग मात्र चांगुणानं दगडाच्या वरच्या अंगाला वाटेतच बसकण मारली.

पाव तासानं आल्या त्या स्वतः अष्टपुत्रेबाई. वर्षातून एकदा त्या आपला शोध अनुभवायला एकट्या उतरत. वाटेत माणूस बघून त्यांनी घाईघाईनं पट्टे बंद करायचं बटण दाबलं आणि मटकन खाली बसल्या.

"मावशी, तुम्ही? पट्ट्याशिवाय? अहो, नियम आहे!"

"नियम घाला चुलीत! हे ऐका." चांगुणानं शेजारच्या कातळावर काठी ठोकली. खणखणीत आवाज आला. मग पाटाएवढ्या दगडावर ठोकली. तो पोकळ, भद्द वाजला.

 बाई हळू आवाजात म्हणाल्या, "एकतीस हजार माणसं उतरली आतापर्यंत. पूर्वी ज्याचं त्याचं पाऊल वेगळं पडायचं, भार वाटला जायचा. ठशामुळे प्रत्येकाची टाच त्याच दोन बोटांएवढ्या जागेवर आपटली. म्हणून तो सुटला असणार."

"आमी दर पावलाला आधी ठोकायचो. ते कुठं गेलं तुमच्या पट्ट्यातनं?"

"ते... ते नुसतं थांबणं होतं. प्रत्येक पावलाआधी अर्धा श्वास. गिऱ्हाइकांना अडखळल्यासारखं वाटायचं. निरुपयोगी म्हणून मी कापलं."

चांगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अवो बाई, तेच तर चालणं होतं! बाकीचं काय, शेळीला बी येतं!"

बाईंनी फाटकाला फोन लावला. "कुणालाही सोडू नका!" पलीकडून पहारेकरी म्हणाला, "आता नाही सोडत, मॅडम. पण सुगंधा सुटली की डबे घेऊन. दहा मिनिटं झाली."

चांगुणा उठली. वरच्या वळणावर पोरगी दिसलीच. गुडघा बाहेर वळवत, भराभर, हुबेहूब आईसारखी.

"सुगे! बटण दाब! दाब म्हणते ना!"

सुगंधानं दाबलं. आणि जिथं होती तिथंच, उतरत्या कातळावर, तिचे पाय लटपटायला लागले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पट्टे मधूनच पुन्हा सुरू होत नसत. ठशाला फाटकापासूनच सुरुवात लागे.

"आई, पाय कुठं ठेवू?"

पोटची पोर, याच नाळेच्या तोंडाशी वाढलेली! चांगुणा गुडघा ओढत, कातळाला बिलगत तिच्यापर्यंत चढली. तिचं मनगट पकडलं आणि हातात काठी दिली.

"ठोक. हा ठोक. आता हा. कोन्ता पक्का?"

सुगंधानं ठोकलं. पुन्हा ठोकलं. तिचे डोळे भरून आले.

"सगळे सारखेच वाजतात गं, आई."

चांगुणानं खाली वळून पाहिलं. "बाई, माझे पाय नेले ते नेले," ती ओरडली तेव्हा अख्खी नाळ घुमली, "हिचे कान कशाला नेले?"

अष्टपुत्रेबाई अजून बसल्याच होत्या, दोन्ही हातांनी कातळ घट्ट धरून. त्यांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि दोनदा परत बसल्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "हिला उतरवलंत की मलाही न्याल ना?"